रॉक मैफलीतील मंचावरचा आवाज आणि मॉनिटरिंग

मंचावरच्या वादक-गायकांना स्वतःचा व एकमेकांचा आवाज ऐकू यावा म्हणून केलेल्या व्यवस्थेला मॉनिटरिंग म्हणतात. श्रोत्यांसाठीची मुख्य यंत्रणा (पीए) वेगळी. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॉनिटर जवळजवळ नव्हतेच. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स सुमारे ५५,००० श्रोत्यांपुढे १०० वॅटच्या व्हॉक्स अँप्लिफायरवर वाजवत होते. किंकाळ्यांपुढे स्वतःचेच गाणे त्यांना नीट ऐकू येत नव्हते.

त्यावरचा पहिला उपाय म्हणजे मोठे अँप. त्याच सुमारास मार्शल या ब्रिटिश कंपनीचे १०० वॅटचे अँप व चार-चार १२ इंची स्पीकरच्या दोन पेट्यांची चळत रूढ झाली. ३१ मे १९७६ रोजी लंडनमध्ये ‘द हू’ या ब्रिटिश बँडच्या मैफलीत ३२ मीटरवर १२६ डेसिबलची नोंद झाली. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने १९७४ मध्ये वेगळी वाट धरली: स्पीकरची प्रचंड भिंत वादकांच्या पाठीमागे, म्हणून मॉनिटर नाहीतच. शिट्टी (फीडबॅक, म्हणजे स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून उठणारी) टाळण्यासाठी प्रत्येक गायकापुढे उलट ध्रुवतेचे दोन माइक असत; दोन्हींत सारखाच शिरणारा आवाज रद्द होई आणि ज्या एकात गायचे त्यातला गळा उरे. गळा पातळ लागे, आणि भिंत उभारण्याचा व्याप तर न परवडणाराच होता.

सर्रास रुजला तो वेज, म्हणजे पायापाशी तिरका ठेवलेला स्पीकर. त्याची जागा माइकवर ठरते. कार्डिऑइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) माइक नेमक्या मागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून वेज गायकाच्या समोर, माइकच्या पाठीमागे. सुपरकार्डिऑइडचा (त्याहून अरुंद टापूतून ऐकणाऱ्या माइकचा) बहिरा कोन समोरच्या दिशेपासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणून वेज थोडा बाजूला. मग आवाज हळूहळू चढवायचा, शिट्टी वाजेल ती पट्टी (कंप्रतांचा टापू) ३१ पट्ट्यांच्या इक्वलायझरवर, म्हणजे प्रत्येक टापू वेगळा कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, ३ ते ६ डेसिबल खाली ओढायची. फार पट्ट्या कापल्या की गळाच बसका लागतो. उघड्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली तर मागची छिद्रे बंद होऊन माइक चहूकडून ऐकू लागतो आणि केलेली सगळी मेहनत वाया जाते. ड्रमवर मात करायला गिटार वाढते, गिटारवर मात करायला वेज. या चढाओढीला अंत नसतो.

ती मोडली इन-इअर मॉनिटरने, म्हणजे कानात घालायच्या मॉनिटरने. १९९५ मध्ये जेरी हार्वे यांनी ‘व्हॅन हेलन’ बँडचा ड्रमवादक अॅलेक्स व्हॅन हेलनसाठी कानाच्या साच्यावर बेतलेले इअरफोन बनवले. चांगला साचा बाहेरचा आवाज सुमारे २५ डेसिबल अडवतो, त्यामुळे इअरफोनचा आवाज कमी ठेवता येतो. ठेवतातच असे नाही. अचानकच्या धमाक्यासाठी लिमिटर (आवाज ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारे यंत्र) हवाच. श्रोते ऐकू येईनात म्हणून एक कान उघडा टाकणे ही सर्वांत वाईट सवय: उघड्या कानावर ड्रम आदळतात, आणि दुसऱ्या कानातला आवाज त्यांच्या बरोबरीने चढवला जातो. त्यापेक्षा मंचाच्या कडेला श्रोत्यांकडे रोखलेले दोन माइक लावून त्यांचा आवाज मिक्समध्ये द्यावा.

मंचावरचा आवाज कमी करायला गिटारची अँप बंद पेट्यांत गेली किंवा मॉडेलरने (अँपच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणाऱ्या यंत्राने) बाद झाली. परिणामी पुढच्या रांगांना मंचावरून थेट येणारी गिटार मिळेना. तेथे मंचाच्या कडेवर छोटे फ्रंट-फिल स्पीकर लावावे लागतात. खऱ्या ड्रमचा आवाज मात्र बंद पेटीत कोंडता येत नाही. झांजा गायकाच्या माइकमध्ये शिरतात आणि त्याच वाटेने सगळ्यांच्या कानात जातात, म्हणून ड्रमपुढे पारदर्शक पडदा लावतात.