गिअरबॉक्स खोलायचा की बदलायचा?

मॅन्युअल गाडीचा गिअर खरखरायला लागला की मालकापुढे लगेच दोन पर्याय येतात: खोलून दुरुस्त करा, नाहीतर अख्खा गिअरबॉक्स बदला. मोठ्या खर्चाचा हा निर्णय बऱ्याचदा नुसता आवाज ऐकून घेतला जातो. खरं तर त्या आवाजाचं मूळ पुष्कळ वेळा गिअरबॉक्सच्या बाहेरच असतं.

आत काय चालतं ते आधी पाहू. पुढे जाण्याच्या सगळ्या गिअरच्या जोड्या कायम एकमेकांत गुंतलेल्या असतात. प्रत्येक जोडीतला एक गिअर आपल्या शाफ्टवर मोकळा फिरतो. आपण गिअर टाकतो तेव्हा एक स्लीव्ह, म्हणजे शाफ्टवरचं दातेरी कडं, सरकते आणि त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी जोडते. जोडण्याआधी दोघांचा वेग सारखा व्हावा लागतो. समजा, दुसऱ्या गिअरचं प्रमाण (चाकांकडच्या शाफ्टच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडच्या शाफ्टचे फेरे) २.० आहे आणि तिसऱ्याचं १.३. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असताना दुसऱ्यातून तिसरा टाकला, तर चाकांकडे जाणारा आउटपुट शाफ्ट १५०० फेऱ्यांनी फिरत असतो, म्हणून क्लचमार्फत इंजिनाला जोडलेला इनपुट शाफ्ट ३००० वरून १९५० वर उतरायला हवा. हे काम सिंक्रो रिंग करते. गिअरच्या शंकूवर ती दाबली जाते, आतल्या बारीक आट्यांनी तेलाचा थर कापते आणि घर्षणाने वेग जुळवते. वेग जुळेपर्यंत स्लीव्हला ती पुढे सरकूच देत नाही. कॅडिलॅकने १९२८ मध्ये ही रचना आपल्या मोटारींत आणली; त्याआधी वेग जुळवण्याचं काम चालकाच्या पायाचं आणि कानाचं होतं.

आटे झिजले की तेलाचा थर कापला जात नाही, रिंग घसरते आणि स्लीव्हचे दाते गिअरच्या दात्यांवर आपटतात. तीच ती खरखर. ही झीज सहसा एखाद्याच गिअरला, बहुधा दुसऱ्याला, आधी जाणवते, कारण पहिल्या दोन गिअरमध्ये वेगाचा फरक सर्वांत मोठा असतो.

मात्र सगळेच गिअर खरखरत असतील, रिव्हर्ससुद्धा, तर आधी क्लचकडे पाहा. सिंक्रो रिंगेची ताकद मर्यादित असते. इनपुट शाफ्ट, त्याच्यासोबत फिरणारे गिअर आणि क्लचप्लेट, एवढ्यांचाच वेग ती बदलू शकते. पॅडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नसेल, तर फिरतं इंजिनच तिच्या विरोधात जोर लावतं आणि नवीकोरी रिंगही हरते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात, पण चालू असताना अडतात किंवा खरखरतात, असं असेल तर संशय क्लचवर घ्यावा. क्लचच्या तेलाची गळती, पाइपातली हवा किंवा ताणलेली केबल एवढंही कारण पुरतं. गिअरबॉक्स बदलून हा दोष जाणार नाही, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

बेअरिंगचा आवाज निराळा असतो, एकसारखी घरघर. गाडी उभी, इंजिन चालू आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा. पॅडल वर असताना घरघर येते आणि दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टच्या किंवा त्याच्यासोबत फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर संशय जातो, कारण पॅडल दाबताच ते शाफ्ट थांबतात. उलट, पॅडल दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर तो रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पॅडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा; ते क्लचचं काम. आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि वळणावर बदलतो, तर चाकाचं बेअरिंग तपासल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू नये. रिव्हर्समधला किंचाळल्यासारखा सूर मात्र अनेक गाड्यांत नेहमीचाच असतो. पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले असतात, तर रिव्हर्सचे बऱ्याचदा सरळ, म्हणून ते जास्त आवाज करतात.

दोष खरोखर आत असेल, तर पुढचा प्रश्न तो किती पसरलाय हा. निर्णय इथेच ठरतो, आणि त्यासाठी थोडं धातुशास्त्र समजून घ्यायला हवं. गिअरचे दाते आतून तुलनेने मऊ आणि चिवट ठेवतात. पृष्ठभागाचा साधारण अर्धा ते एक मिलिमीटर थर मात्र कार्बन मुरवून अतिशय कठीण केलेला असतो. झीज आणि दाब हाच थर सोसतो. दोन दाते एकमेकांवर दाबले जातात तेव्हा सर्वाधिक कातरताण (धातूचे थर एकमेकांवरून सरकवू पाहणारा ताण) पृष्ठभागाच्या किंचित खाली निर्माण होतो. तिथे सूक्ष्म भेगा सुरू होतात, वर येतात आणि कठीण थराचा कपचा उडवतात. मागे खड्डा राहतो. खड्ड्याच्या कडांवर ताण आणखी वाढतो आणि पुढचे कपचे उडतात. असा दाता पॉलिश करून पूर्ववत होत नाही. बदलायचा तर जोडीतला दुसरा गिअरही बदलावा लागतो, कारण दोघे एकमेकांना सरावून झिजलेले असतात.

उडालेला कपचा जातो कुठे? बहुतेक मोटारींच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये तेलाला गाळणी नसते. फिरणारे गिअर तेल उडवतात आणि त्याच तेलावर सगळे भाग चालतात. म्हणजे एका बेअरिंगचा चुरा दुसऱ्या बेअरिंगपर्यंत पोचतोच. इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणाऱ्या गाड्यांत डिफरन्शियलही (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) बहुधा त्याच खोक्यात असतं, तेही वाचत नाही. त्यात बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट किंचित वाकडा चालतो, दात्यांची गाठ मधोमध न पडता कडेला पडते आणि सगळा भार चिंचोळ्या पट्टीवर येतो. घरघर सुरू झाल्यावर ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणणं म्हणूनच महागात पडतं. पहिल्या आठवड्यात एका बेअरिंगवर निभावलं असतं, ते काही महिन्यांनी शाफ्ट आणि गिअरपर्यंत जातं.

खोलण्याआधी आतली बातमी तेलातून मिळते. अनेक गिअरबॉक्सच्या ड्रेन प्लगला चुंबक असतो. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप दिसला तर ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारे कण, पापुद्रे किंवा दात्याचा तुकडा दिसला तर गाडी पुढे चालवू नका. पितळेला चुंबक धरत नाही, त्यामुळे सिंक्रो रिंगेची सोनेरी चमक थेट तेलातच शोधावी लागते.

एखाद-दुसरी सिंक्रो रिंग, सिलेक्टर फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा), ऑइल सील किंवा वेळीच पकडलेलं एखादं बेअरिंग, एवढंच असेल तर दुरुस्ती करावी, यात मला शंका वाटत नाही. दोन-तीन जोड्यांचे दाते खड्डेदार झालेत, शाफ्टवर चरे पडलेत, किंवा बेअरिंगची बाहेरची कडी ॲल्युमिनियमच्या खोक्यात फिरून तिची बैठकच सैल झालीय, तर बदलणं बरं. सैल बैठकीत बसवलेलं नवं बेअरिंगही सरळ राहत नाही. गिअर मध्येच सुटत असेल तर निकाल खोलल्यावरच लागतो: कारण फोर्कचं असू शकतं, माउंटिंगचं असू शकतं किंवा जोडणाऱ्या दात्यांच्या गोलावलेल्या कडांचंही. म्हणून मेकॅनिकशी आधीच ठरवा, की तो खोलेल, भाग टेबलावर मांडून दाखवेल आणि मगच काय ते ठरेल.

दुरुस्ती कोण करणार हाही प्रश्न आहेच. शाफ्टची ढील शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत जुळवावी लागते. मोजमापाची साधनं आणि सवय नसलेल्या हाती नवे भाग देण्यापेक्षा चांगला तयार गिअरबॉक्स बसवणं शहाणपणाचं. भंगारातल्या गाडीचा गिअरबॉक्स घेताना त्याचा कोड, गिअरची प्रमाणं आणि फायनल ड्राइव्हचं (गिअरबॉक्सनंतर चाकांकडे जाणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचं) प्रमाण जुळतंय का ते पाहा, आणि शाफ्ट हाताने फिरवून खडखड जाणवते का ते तपासा.

गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी दोन्ही वाटांना द्यावीच लागते. तो खाली असताना क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सील तपासून घ्यावं. शेवटी तेल भरताना कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेलंच भरा. जीएल-४, जीएल-५ हे गिअर तेलाचे वर्ग आहेत; जिथे जीएल-४ सांगितलंय तिथे ‘वरचा दर्जा’ म्हणून जीएल-५ घालू नये. त्यातल्या काही तेलांमधली गंधकयुक्त द्रव्यं पितळेला खातात, आणि तेल जास्त निसरडं असेल तर नवी सिंक्रो रिंगही शंकूवर नीट पकड घेत नाही.