कॅल्शियम, आहारातील

आहारातील कॅल्शियम : हाडे व दात यांची घडण, स्नायूंचे आकुंचन, रक्त साखळणे आणि मज्जासंदेशांचे वहन यांसाठी लागणारे खनिज. प्रौढ शरीरात ते साधारण १ ते १.२ किग्रॅ. असते, त्यातले सु. ९९ टक्के हाडा-दातांत. उरलेल्या अंशावर हृदयाचे स्पंदन अवलंबून आहे, हे ब्रिटिश वैद्य सिडनी रिंगर यांनी १८८०च्या दशकात बेडकाच्या हृदयावर दाखवले. लंडनच्या नळाच्या (कॅल्शियमयुक्त) पाण्यात केलेल्या क्षारद्रावात हृदय धडधडत राही, ऊर्ध्वपातित (खनिजरहित) पाण्याच्या द्रावात मंदावत थांबे. रक्तद्रवातील प्रमाण (१०० मिलि.मध्ये सु. ८.५ ते १०.५ मिग्रॅ.) परावटू (पॅराथायरॉइड) ग्रंथीचे संप्रेरक व ड जीवनसत्त्व सांभाळतात. तूट हाडांतून भरली जात असल्याने रक्ततपासणीचा आकडा ठीक आला म्हणून हाडे भक्कम ठरत नाहीत.

रोजची गरज किती, हा वाद जुना आहे. १९६२च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ अहवालाने प्रौढांसाठी ४०० ते ५०० मिग्रॅ. पुरेसे मानले, याहून कमी घेणाऱ्या समाजांत उघड अपाय दिसत नाही, हा त्यामागचा आधार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी २०१०मध्ये ६०० आणि २०२०मध्ये १,००० मिग्रॅ.ची शिफारस केली. कमी आहारात आतडे अधिक शोषण करते, हे जुन्या मताचे बळ. मात्र अशा संतुलनात हाडांची घनता किती उरते हे त्यातून कळत नाही. त्यामुळे नवी शिफारस अधिक सयुक्तिक वाटते.

गोव्याच्या शीत-हुमणातील (भात व माशांची आमटी) तांदूळ व नारळ यांत कॅल्शियम बेताचेच. काणकोण, सांगे, सत्तरी येथील डोंगरउतारांवर कुमेरी पद्धतीने (झाडोरा तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीत) पिकणारे नाचणे मात्र समृद्ध आहेत : १०० ग्रॅ.मध्ये जुन्या भारतीय कोष्टकांनुसार ३४४, तर २०१७च्या कोष्टकानुसार ३६४ मिग्रॅ. गाईच्या दुधात सु. १२० मिग्रॅ. असल्याने नाचणे ‘तिप्पट’ असे सर्रास म्हटले जाते. ही तुलना कोरड्या पिठाशी आहे, ३० ग्रॅ. पिठाच्या तिजाणात (नाचण्याच्या पेजेत) सु. १०० ते ११० मिग्रॅ.च येते, शिवाय धान्यातील फायटेट हे द्रव्य कॅल्शियमला बांधून ठेवत असल्याने शोषण घटते. तांबड्या भाजीतील ऑक्झॅलेटही असाच अडथळा करते. काट्यांसकट खाल्ली जाणारी बारीक मासळी आणि गालम्याचे (सुक्या बारीक कोळंबीचे) किसमूर ही कोशिंबीर यांकडे आहारचर्चेत दुर्लक्ष होते, हे खेदाचे आहे. तारले व बांगडे यांतून ड जीवनसत्त्वही मिळते.

विड्याला लावतात तो शिंपल्यांचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हाडांसाठी तो चाटावा हा समज घातक आहे, कारण तो दाहक असून तोंडातील त्वचा भाजतो. विड्यातील सुपारी आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये मानवात कर्ककारक ठरवली.