जग्वार एक्सजे१३ ले मान्सला धावलीच नव्हती

‘जग्वारची एक्सजे१३ ही गाडी फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उलटली,’ असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. ही एकुलती एक गाडी एकाही शर्यतीत उतरली नाही. चालकाच्या पाठीमागे ५ लिटरचं, १२ सिलिंडरचं (व्ही-१२) इंजिन असलेली ही गाडी १९६६ मध्ये तयार झाली, ती ले मान्ससाठीच. पण १९६८ पासून प्रोटोटाइप, म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेल्या, गाड्यांच्या इंजिनांवर ३ लिटरची मर्यादा आली आणि तिची वाटच बंद झाली.

अपघात मात्र खरा आहे. जानेवारी १९७१ मध्ये, इंग्लंडमधल्या मिरा चाचणी-मार्गावर, जग्वारच्याच ई-टाइप या गाडीच्या प्रचारपटाचं चित्रीकरण चालू असताना तो झाला. गाडीची पार दुर्दशा झाली. चालक नॉर्मन ड्यूइस सुदैवाने बचावले. याच मार्गावर १९६७ मध्ये शर्यतचालक डेव्हिड हॉब्ज यांनी तिला ताशी सुमारे २६० किलोमीटरच्या सरासरीने पळवलं होतं. सांगायचीच तर ती फेरी सांगावी!