महासाथीतील किशोरवयीनांचा आहार (इंदूर)

महासाथीच्या काळात किशोरवयीन मुलामुलींच्या खाण्याच्या सवयी कशाने घडतात, याचा विचार या नोंदीत इंदूरच्या मराठी घरांच्या संदर्भात केला आहे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे वय किशोरवय मानते. कोविड-१९ ही महासाथ असल्याचे याच संघटनेने ११ मार्च २०२० रोजी जाहीर केले आणि दोन आठवड्यांत देशभर टाळेबंदी लागली.

इंदूरच्या मुलाची एरवी दोन ताटे असतात. एक घरचे. दुसरे शहराचे : सकाळी नाक्यावर शेव आणि जिरावण मसाला भुरभुरलेले पोहे, जोडीला जिलबी, संध्याकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली, रात्री सोन्याचांदीची दुकाने मिटली की त्यांच्याच दारात भरणारा सराफा, तिथला भुट्ट्याचा कीस, हिवाळ्यात गराडू हा तळलेला कंद. हे दुसरे ताट मित्रांच्या संगतीचे. टाळेबंदीत ते एका रात्रीत उचलले गेले आणि मुले चारी वेळा घरच्या पानावर आली.

घरच्या पानावर काय येणार, हे मात्र बाजाराने ठरवले. पहिल्या महिन्यांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढल्याने इंदुरात निर्बंध कडक होते; भाजीविक्रीवरही बंधने आली. फळे-भाज्या मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम खाव्यात, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला तेव्हा कागदावरच राहण्यासारखा होता. भाजी नसली की इंदूरच्या माळवा प्रांतात शेव-टमाट्याची भाजी होते, आणि शहरातल्या रामबाग वस्तीतल्या मराठी घरांनीही ती केव्हाच आपली म्हटली आहे. पोट भरते, पण तेल-मीठ वाढते. बटाटा, कांदा आणि डाळी यांवर दिवस निघाले. त्यातल्या त्यात डाळी आणि मोडाच्या उसळी वाढल्या तेवढे बरेच झाले.

मानसशास्त्रज्ञ आइझेक आयझेन यांच्या नियोजित वर्तनाच्या सिद्धांतानुसार (१९९१) माणूस एखादी गोष्ट करायचे ठरवतो, त्यामागे तिच्याविषयीचे त्याचे मत, जवळच्यांची अपेक्षा आणि ती आपल्या हातात आहे ही जाणीव असते. पहिल्या घटकाची इथे वाण नव्हती. मैदा आणि तळण वाईट हे आठवीतला मुलगाही सांगतो. खरा प्रश्न तिसऱ्याचा. स्वयंपाकघर ज्याच्या हातात, सवय त्याच्या हातात. ज्या घरांत मुलांना कणीक मळायला, फोडणी द्यायला बसवले, तिथे त्यांना ताटात काय पडते याची निदान ओळख झाली. मुलींना ही ओळख आधीपासूनच सक्तीची असते. नवल झाले ते मुलग्यांचे.

भीतीनेही सवयी घडवल्या. आयुष मंत्रालयाने ३१ मार्च २०२० च्या सूचनांत हळदीचे दूध आणि तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ यांचा काढा सुचवला; आजीचा जुना उपाय सरकारी झाला. कोणत्याही पदार्थाने कोविड टळतो असे सिद्ध झालेले नाही, पण ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि काढ्याला नाक मुरडणारी मुले निदान आवळा-लिंबू खाऊ लागली. त्याच सुमारास समाजमाध्यमांवरून डालगोना कॉफी आली. तिचा फेस साखरेवाचून फार टिकत नाही.

इटली, स्पेन, चिली, कोलंबिया आणि ब्राझील या देशांतील ८२० किशोरवयीनांच्या २०२० मधील अभ्यासातही असाच सरमिसळ निकाल दिसला : कडधान्ये, फळे, भाज्या वाढल्या, बाहेरचे फास्टफूड घटले, पण गोड आणि तळलेलेही वाढले. टीव्हीसमोर जेवण्याचा या बदलांशी संबंधही त्यात आढळला. इथे टीव्हीची जागा मोबाइलने घेतली. वर्गच मोबाइलवर, म्हणून ‘जेवताना तो ठेव’ म्हणणाऱ्या आईचा अधिकार निम्मा झाला. रात्री उशिरा झोप, सकाळी अंथरुणातून थेट वर्गात, न्याहारी गुल आणि अकरा वाजता शेवेचा डबा, असे नवे वेळापत्रक बसले.

ज्यांचे दुसरे ताट म्हणजे शाळेतले मध्यान्ह भोजन होते, त्यांची गोष्ट वेगळी. शाळा बंद होताच सर्वोच्च न्यायालयाने १८ मार्च २०२० रोजी याची स्वतःहून दखल घेतली. पुढे कोरडा शिधा वा भत्ता देण्याची व्यवस्था झाली. पण शिजलेले ताट एका मुलाचे असते, शिधा घरातल्या सगळ्यांच्या पातेल्यात जातो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चौथ्या पाहणीत हे प्रमाण ५४.१ टक्के होते. ही वाढ एकट्या महासाथीच्या माथी मारता येणार नाही, कारण पाहणीचे बरेच काम तिच्या आधीचे आहे. मात्र किशोरवयीनांसाठीची लोह आणि फॉलिक आम्लाची आठवड्याची निळी गोळी मुख्यतः शाळेतच दिली जाते, आणि शाळेला कुलूप होते.