स्कोप्पिओ देल कार्रो

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ईस्टर रविवारी सांता मारिया देल फिओरे या कॅथेड्रलसमोर शोभेच्या दारूने भरलेला उंच लाकडी रथ पेटवण्याचा जो विधी होतो, त्यास स्कोप्पिओ देल कार्रो म्हणतात. परदेशी पाहुण्यांना तो बहुधा आतषबाजी म्हणूनच परिचित असतो. वस्तुतः तो ईस्टरच्या मिस्सेचाच (कॅथलिक चर्चमधील मुख्य सामुदायिक उपासनेचाच) भाग आहे.

विधीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. लोकप्रिय परंपरेनुसार 1099 मध्ये पहिल्या धर्मयुद्धात जेरुसलेमच्या तटावर प्रथम चढलेल्या पाझ्झीनो दे पाझ्झी याला ख्रिस्ताच्या कबरीच्या तीन गारगोट्या बक्षीस मिळाल्या आणि त्यांच्या ठिणगीने पेटवलेला अग्नी पुढे घरोघरी वाटला जाऊ लागला. तथापि चौदाव्या शतकातील इतिवृत्तकार जोव्हान्नी व्हिल्लानी पवित्र शनिवारच्या (ईस्टरच्या आदल्या दिवसाच्या) अग्नीचा आणि सर्वांत मोठी मशाल वाहणाऱ्या पाझ्झी पूर्वजाचा उल्लेख करतो, पण या मानाचे मूळ सांगताना जेरुसलेमचे नाव घेत नाही. शिवाय पवित्र शनिवारी गारगोटीवर ठिणगी पाडून नवा अग्नी पेटवण्याची प्रथा लॅटिन (पोपच्या अधीन असलेल्या पाश्चिमात्य) चर्चमध्ये सर्वत्र होती. ईस्टरच्या जागरणविधीत नवा अग्नी आशीर्वादित करण्याची रीत वसई व गोव्यातील कॅथलिक चर्चमध्येही पाळली जाते. त्यामुळे विधी आधीचा आणि धर्मयुद्धाची कथा त्याला मागाहून जोडलेली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. 1478 मध्ये याच कॅथेड्रलमध्ये मिस्सेच्या वेळी फ्लॉरेन्सवर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्यातील जुलिआनो दे मेदिची याची हत्या झाली आणि हा कट पाझ्झींनी रचलेला असल्याने त्यांच्या घराण्यावर हद्दपारी ओढवली. तरीही घराण्याचे नाव विधीपासून तुटले नाही, यावरून या मानाची रुजलेली प्रतिष्ठा लक्षात येते.

परंपरेने जपलेल्या गारगोट्या आज सांती अपोस्तोली चर्चमध्ये आहेत. त्यांच्यापासून पेटवलेला अग्नी मिरवणुकीने कॅथेड्रलमध्ये नेला जातो, तर ब्रिंदेल्लोने नावाचा रथ फुलांनी सजवलेले पांढरे बैल ओढत आणतात. बैल सोडल्यावर वेदीपासून रथापर्यंत तार ताणली जाते. मिस्सेत ग्लोरिया हे स्तुतिगान सुरू होताच आर्चबिशप कबुतराच्या आकाराच्या अग्निबाणास बत्ती देतो. कोलोम्बिना नावाचे हे कबुतर तारेवरून मधल्या मार्गिकेने दाराबाहेर जाते, रथ पेटवते आणि वेदीकडे परतते. त्याच सुमारास घंटा वाजू लागतात. तारेवरील कबुतराची प्रथा पोप दहावा लिओ (कारकीर्द 1513–21) याच्या काळाशी जोडली जाते, परंतु हे कालनिर्धारण परंपरेवर आधारलेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत विधी पवित्र शनिवारी दुपारी होत असे. पोप बारावा पायस याने 1955 मध्ये पवित्र सप्ताहाच्या विधींत केलेल्या सुधारणांनंतर तो रविवारी होऊ लागला.

कोलोम्बिनाची फेरी निर्विघ्न झाल्यास पीकपाणी चांगले होते, अशी शेतकऱ्यांची श्रद्धा होती. चौकात उभ्या असलेल्या पाहुण्यांना केवळ रथ दिसतो. वेदीवरील प्रारंभ पाहण्यासाठी मिस्सेला आत उपस्थित राहावे लागते, आणि ती उपासना रथ विझल्यानंतरही पुढे चालू असते.