बिनचरबीचं मटण आणि बाजाराचा काटा

"चरबी काढून द्या," असं जळगाव-धुळ्यात मटणाच्या दुकानावर हल्ली सर्रास ऐकू येतं. मागच्या पिढीतलं गिऱ्हाईक चरबीचा तुकडा वर मागून घ्यायचं. काळ्या मसाल्याच्या रश्शावर तवंग नसला तर पाहुणे घरी जाऊन नावं ठेवायचे.

गंमत अशी की खान्देशातली शेळी तेव्हाही रोडच होती. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजनाचा पाला, बांधावरच्या बाभळीच्या शेंगा, वेचणी संपलेलं कपाशीचं रान यावर दिवसभर फिरणाऱ्या जनावराच्या अंगी चरबी धरणार कुठून? आठवडे बाजारात व्यापारी बोकडाच्या कमरेवर हात दाबून बघायचा, हाड लागलं की भाव पाडायचा. म्हणून बोकड खच्ची करायचा, दाणा चारायचा, अंगावर भरला की मग विकायचा.

हृदयरोगाच्या धास्तीनं डॉक्टर मटणाऐवजी चिकन सुचवू लागले, तोवर ब्रॉयलर, म्हणजे खास मांसासाठी वाढवलेला कोंबडा, आलेलाच होता. 1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि राज्यात कुक्कुटपालनाचा धंदा झाला. आपल्या खान्देशात त्याचं मोठं केंद्र म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथंच सापडला, लाखो कोंबड्या मारून पुरल्या आणि चिकनचं गिऱ्हाईक रातोरात पळालं. तब्येतीसाठी खाणारा माणूस तब्येतीच्याच भीतीनं सोडून जातो, हे पोल्ट्रीवाल्यांना तेव्हा चांगलं कळलं.

पुढे कमी चरबीचा म्हणून कडकनाथ गाजला. नर्मदेपलीकडच्या झाबुआ भागातला हा काळा कोंबडा, 2018 मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. वाढवलेले पक्षी आम्हीच परत विकत घेऊ, या कंपन्यांच्या बोलीवर राज्यात अनेकांनी पैसे गुंतवले. 2019 मध्ये फसवणुकीच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. कोंबडा खरा होता, बोली खोटी निघाली.

आता रानं आटली, शेळ्या गोठ्यात बांधल्या गेल्या. बसल्या जागी मका खाऊन त्यांना चरबी सुटते, तीही मांसात कमी. गुर्द्याभोवती, आतड्यांवर जास्त. शेतकरी अजून जिवंत वजनावरच विकतो, त्यामुळे त्याच्या लेखी चरबीचा किलो आणि मांसाचा किलो सारखाच. रोड मटणाला वेगळा दर सांगणारा व्यापारी बाजारात भेटत नाही. मग मका कमी करून वजन कोण घटवून घेईल? कापल्यावर आतून चरबीचा गोळा निघाला की खाटीक कुरकुरतो, आणि पुढच्या बाजारी त्याच दावणीच्या बोकडाला किलोमागे दहा रुपये कमी सांगतो.