आत्याचा ओटीपी आणि दर्जाची मोजमापं

दादरला राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या वर्षी सोसायटीचा मेंटेनन्स फोनवरून भरायचं ठरवलं. वय चौऱ्याहत्तर. ॲपमध्ये रक्कम बरोबर आली, तिने बँक निवडली, ओटीपी मागवला. मेसेज आला तसा तिने जवळचा चष्मा लावला, मेसेज उघडला, सहा आकडे कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहून घेतले आणि ॲपमध्ये परत आली. तोवर वेळ संपून ॲप पहिल्या पानावर गेलं होतं. असं चार वेळा झालं. मग तिने चेकबुक काढलं.

मी अंधेरीला सीप्झमध्ये टेस्टर आहे, म्हणजे सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. त्या संध्याकाळी मी ते ॲप नीट तपासलं. हिशेब चोख होता, पैसे योग्य खात्यात जात होते, आणि ओटीपीची वेळ कमी ठेवणं सुरक्षेच्या दृष्टीने गैर म्हणता येत नव्हतं. एकही बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, सापडला नाही. पण आत्याचा मेंटेनन्स काही भरला गेला नव्हता. मग या सॉफ्टवेअरचा दर्जा चांगला म्हणायचा की वाईट?

या प्रश्नाचं पद्धतशीर उत्तर शोधायला सुरुवात झाली ती १९७०च्या दशकात. जिम मॅकॉल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी एक मॉडेल, म्हणजे दर्जा कशाकशावरून ठरवायचा याचा आराखडा, मांडलं. त्यात दर्जाचे अकरा घटक आहेत आणि त्यांचे तीन गट: प्रोग्रॅम चालवताना काय अनुभव येतो, तो दुरुस्त करताना काय येतो, आणि दुसऱ्या यंत्रणेवर हलवताना काय येतो. मला या मॉडेलचं आजही कौतुक वाटतं, कारण सॉफ्टवेअर नुसतं चालवायचं नसतं, पुढची कितीतरी वर्षं कुणीतरी ते सांभाळायचं असतं, ही गोष्ट त्याने पायातच घेतली. अडचण आहे मोजण्यात. त्यातली बरीच मापं हो-नाही प्रश्नांवर उभी आहेत. ‘मांडणी सुटसुटीत आहे का?’ याला एक परीक्षक हो म्हणेल, शेजारी बसलेला नाही म्हणेल.

बॅरी बोहम यांचं १९७८चं मॉडेल सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्याच्या बाजूने विचार करतं. आहे तसं वापरलं तर उपयोगी पडेल का? सांभाळता येईल का? भोवतालची यंत्रणा बदलली तरी चालेल का? या तीन प्रश्नांखाली सात गुण येतात. माणसाला ते वापरणं सोयीचं जातं का, हा त्यांतला एक. आत्याला बसायला जागा आहे, पण सातांतली एक. ह्यूलेट-पॅकार्ड या संगणक कंपनीतल्या रॉबर्ट ग्रेडी यांची ‘फर्प्स’ ही पाच इंग्रजी आद्याक्षरांची सुटसुटीत यादी: काम, सोय, भरवसा, कामगिरी आणि सांभाळ. कामाच्या धबडग्यात ती हाताशी बरी पडते, पण दुसऱ्या यंत्रणेवर हलवण्याची सोय तिच्या पाच शीर्षकांत येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या जेफ ड्रोमी यांनी १९९५ मध्ये उलट्या टोकाने सुरुवात केली. त्यांचं म्हणणं असं की भरवसा किंवा सोय थेट कोडमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या लिहिलेल्या ओळींत, घालता येत नाही. कोडमध्ये असतात ती व्हेरिएबल (किंमत साठवायच्या नाव दिलेल्या जागा), लूप (पुन्हा पुन्हा चालणारे भाग), सूत्रं. म्हणून त्यांचे गुण तपासा. व्हेरिएबल वापरण्याआधी त्यात किंमत भरली आहे का? लूप कधीतरी थांबेल याची खात्री आहे का? ती नसेल, तर प्रोग्रॅम कधी ना कधी लटकणार, आणि तो डाग थेट विश्वासार्हतेवर पडतो. प्रोग्रॅमरच्या हातात देता येईल असं हे मॉडेल आहे. पण त्याच्या चाळणीतून आत्याचा चष्मा निसटतो, कारण तिच्या ॲपमधलं प्रत्येक व्हेरिएबल अगदी जागच्या जागी होतं.

आंतरराष्ट्रीय मानकांची वाटचाल जास्त बोलकी आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९१च्या ‘आयएसओ ९१२६’ या मानकात सहा मुख्य गुण होते, आणि सुरक्षितता त्यांतल्या एकाच्या पोटात होती. आपल्याकडे व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं तेच १५ ऑगस्ट १९९५ला. त्याआधी लांबून कुणी आपल्या संगणकात शिरेल ही घरोघरची काळजी नव्हतीच. २०११ मध्ये आयएसओ २५०१० आलं, गुण आठ झाले आणि सुरक्षिततेला स्वतःचं घर मिळालं. शिवाय ‘वापरातला दर्जा’ असं वेगळं मॉडेलही त्यात होतं: माणसाचं काम झालं का, किती खटपटीत झालं, तो समाधानी आहे का. २०२३च्या आवृत्तीत गुण नऊ आहेत. नववा गुण म्हणजे जीवित, मालमत्ता आणि पर्यावरणाला इजा होऊ न देणं.

हा नववा गुण का हवा, ते थेराक-२५ या कॅनडात बनलेल्या रेडिएशन यंत्रावरून कळतं. १९८५ ते १९८७ या काळात त्याच्यामुळे सहा रुग्णांना भयंकर जादा मात्रा मिळाली. त्यांतले काही दगावले. टेक्सासमध्ये जे घडलं ते असं: ऑपरेटरने किरणांचा प्रकार चुकीचा टाकला आणि लगेच स्क्रीनवरचा कर्सर वर नेऊन दुरुस्त केला. यंत्रातले चुंबक जागेवर यायला साधारण आठ सेकंद लागत. दुरुस्ती त्या आठ सेकंदांतच आटोपली तर प्रोग्रॅमला ती पूर्णपणे कळत नसे, पण स्क्रीनवर मात्र सुधारलेला प्रकार दिसे. सावकाश टाइप करणाऱ्याच्या हातून हे होत नसे, सरावलेल्या हातांकडून होई. याच जातीची चूक आधीच्या थेराक-२० मध्येही होती, पण तिथे स्वतंत्र विद्युत अडसर होते. ते यंत्रच बंद पाडत, रुग्ण वाचे. नव्या यंत्रात ते अडसर काढून सगळा भार सॉफ्टवेअरवर टाकला होता.

मला यात आत्या दिसते. तिथे बोटं फार जलद होती, इथे फार सावकाश, आणि दोन्हीकडे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी एकच मधला वेग धरला होता. म्हणून मॉडेलांची तुलना करताना मी गुणांची संख्या बघत नाही. शब्दांवर तर जाऊच नये: मॅकॉल ‘लवचीकता’ म्हणतात तेव्हा कोड बदलायला किती कष्ट पडतात ते सांगतात, आणि २०२३च्या मानकात तोच शब्द प्रोग्रॅम नव्या परिस्थितीत किती सामावतो यासाठी येतो. मी बघते ते हे, की मोजणारा कुणाच्या शेजारी बसला आहे. ड्रोमी प्रोग्रॅमरशेजारी बसतात, बोहम खरेदीदाराशेजारी. वापरातला दर्जा मोजायचा तर आत्याशेजारीच बसावं लागतं.

आणि गुण एकमेकांचे पाय ओढतात, हे मॅकॉलच्या चमूने तेव्हाच दाखवलं होतं. वेगासाठी घट्ट विणलेला कोड पुढे उसवताना जीव काढतो. ओटीपीची वेळ वाढवली की सुरक्षितता थोडी सैल पडते. कुठल्या गुणाला किती वजन, हे कुठलंच मॉडेल आपल्यासाठी ठरवून देत नाही. ते काम सुरू व्हायच्या आधी, टेबलाभोवती बसून, आकड्यांत लिहावं लागतं. आमच्या टीममध्ये नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते: नऊ गुण, शंभर मार्क, वाटा. बहुतेक जण सुरक्षिततेला तीस देतात आणि वापराच्या सोयीला पाच. मग त्यांना मी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून एक बिल भरून घ्यायला सांगते, हातात घड्याळ धरून.

सोमवारी मुलं कागद घेऊन येतात. गेल्या खेपेला एकीने आजोबांची वेळ लिहून आणली होती: दोन मिनिटं चाळीस सेकंद, त्यातलं सव्वा मिनिट चष्मा शोधण्यात. तिने सोयीचे मार्क पाचावरून वीसवर नेले होते.